न वाचता येणारं पत्र

१९७१च्या मार्चमध्ये पॅरिसहून ब्यूनस आयर्सला एक पत्र गेलं. लिहिणारे होते रोलाँ बार्थ. भाषा आणि लेखन या विषयांत त्या काळी युरोपात त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. ज्यांना पत्र गेलं त्या मिर्ता देरमिसाचे तेव्हा तिशीच्या आसपास होत्या आणि त्यांनी लिहिलेलं काहीच कोणाला वाचता येत नव्हतं. १९६७ साली त्यांनी पाचशे पानांचं एक अख्खं पुस्तक हातानं लिहून काढलं होतं. त्यात ओळी होत्या, समास होते, अक्षर मात्र जगातल्या कुठल्याच लिपीतलं नव्हतं. चित्रपट दिग्दर्शक ह्यूगो सांतियागो यांनी देरमिसाचे यांची एक वही बार्थ यांना दाखवली. बार्थ यांनी तिला चित्र म्हटलं नाही. हे लेखनच आहे, फक्त त्यात निरोप नाही, अशा आशयाचं त्यांनी कळवलं. आपण करतो ते लेखन आहे, ही खात्री देरमिसाचे यांना त्या पत्रानं दिली.

आज या प्रकाराला असेमिक लेखन म्हणतात. अमेरिकेतले जिम लेफ्टविच आणि ऑस्ट्रेलियातले टिम गेझ या दृश्यकवींनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे नाव रूढ केलं. त्याआधीही कवी-चित्रकार आंरी मिशो यांनी १९२०च्या दशकात असल्या ओळी लिहिल्या होत्या. चीनमध्ये तर थांग काळातल्या झांग शू आणि ह्वाईसू या सुलेखनकारांच्या बेभान कुंचल्यानं अक्षराला वाचनीयतेच्या काठापर्यंत नेलं होतं.

हे सगळं आठवण्याचं कारण माझ्या एका चित्रकार मैत्रिणीनं टपालानं पाठवलेला कागद. हातकागद, काळी शाई. वरच्या ओळी दाटीवाटीच्या, मधे बोटभर कोरी जागा, त्याखाली ओळी सैल होत उजवीकडे झुकलेल्या, आणि सही असते त्या जागी एक लांब फराटा. पाहताक्षणी डोळा अर्थ शोधू लागतो. इथे ‘ळ’ आहे का? हा उकार तर नव्हे? पुन्हा पाहावं तर तो ‘ळ’ नाहीसा झालेला. स्वप्नात पाटी दिसते, वाचता येईल असं वाटतं, आणि वाचायला जावं तो अक्षरं सरकतात, तसंच.

हा भास आपोआप होत नाही. नुसत्या गिरगोट्यांकडे पाहून कोणालाही स्वप्न पडत नाही. चांगल्या असेमिक पानात तीच खूण पुन्हा येते, पण थोडी बदलून. शब्दांमधलं अंतर सांभाळलेलं असतं. ओळ कुठे मोडायची याचा निर्णय जाणवतो. म्हणून याला व्याकरण असणार, असा विश्वास डोळ्याला वाटतो. तो विश्वास शेवटच्या ओळीपर्यंत टिकवणं हेच कसब, आणि माझ्या मते बरंवाईट ठरवण्याची कसोटीही तीच.

मग वाचायचं काय? हात वाचायचा. मी तो कागद बोटानं हवेत गिरवत गेलो. टाक कुठे भरून घेतला, कुठे कोरडा पडला, कुठे हात थबकला, हे कळत गेलं. कोऱ्या जागेच्या आधीच्या ओळी घाईच्या आहेत आणि नंतरच्या नाहीत. तिला काय म्हणायचं होतं हे मला ठाऊक नाही. ती कुठे थांबली हे मात्र मला नेमकं ठाऊक आहे. तराणा ऐकताना शब्दार्थ कोणी विचारत नाही, तरी लय बदलली की आपण सावरून बसतो.

मराठी वाचकाला इथे मोडी आठवेल. आधी पानभर रेघ ओढायची आणि टाक फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं, ही मोडीची रीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद आज आपल्यापैकी बहुतेकांना असाच गूढ, देखणा वाटतो. पण तो कागद जाणकार वाचू शकतो. तिथे अज्ञान आपलं असतं. असेमिक पानापुढे पंडित आणि निरक्षर एकाच पायरीवर उभे राहतात. चिनी चित्रकार शू बिंग यांनी सुमारे चार हजार खोटी चिनी अक्षरं लाकडावर कोरून ग्रंथ छापले आणि १९८८ साली बीजिंगमध्ये मांडले, तेव्हा ज्यांना लिपी उत्तम येत होती तेच एखादं तरी खरं अक्षर सापडतं का म्हणून शोधत राहिले.

निरोप नसला तरी अशा लेखनाला घाट असतो, आणि घाट बोलतो. देरमिसाचे यांनी पत्रं लिहिली, पोस्टकार्डं लिहिली, १९७२ साली एक अख्खं वर्तमानपत्र काढलं. स्तंभ, मथळे, चौकटी, सगळं जागच्या जागी. वाचता येईल असा शब्द नाही. त्याच वर्षी २२ ऑगस्टला अर्जेंटिनातल्या त्रेलेव इथल्या नौदलाच्या तळावर सोळा राजकीय कैद्यांना गोळ्या घालून मारलं गेलं होतं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरचा डावीकडचा एक स्तंभ त्या कैद्यांसाठी आहे, असं देरमिसाचे यांनी सांगितलं होतं. लष्करी राजवटीत एका स्तंभाएवढी शाई किती सांगू शकते, हे त्या पानावर दिसतं.

देरमिसाचे यांची मूळ पानं भिंतीवर टांगली जावीत असा त्यांचा आग्रह नव्हता. ती छापली जावीत, लोकांनी हातात धरून पाहावीत, असं त्यांना वाटे. २०१२ साली त्या गेल्या. २०१८ साली अमेरिकेत त्यांच्या निवडक लेखनाचं पुस्तक निघालं. तुमच्याकडे असा एखादा कागद कधी आला, तर ‘यात काय लिहिलंय?’ असं पाठवणाऱ्याला विचारू नका. तो कागद चार-सहा दिवस टेबलावर राहू द्या, सवडीनं गिरवून पाहा, आणि कोऱ्या कागदावर हात चालेल तसं उत्तर लिहून टपालात टाका.