‘के’, ‘की’ आणि ‘दॅट’

आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा शनिवारी होती. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीची तिच्यासाठी निवड झाली होती. संमतिपत्रावर सही करायला वडिलांनी शनिवारी सकाळी शाळेत यावे, असा निरोप मी तिच्याबरोबर पाठवला. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या वर्गावर असताना ती माझ्या टेबलावर एक चिठ्ठी ठेवून गेली. सराव व्हावा म्हणून तिने ती इंग्रजीत लिहिली होती : ‘माय फादर सेड दॅट आय ॲम गोइंग टू पुणे ऑन सॅटर्डे.’

मी चिठ्ठी वाचली आणि यादीतून तिचे नाव काढून दुसऱ्या मुलीचे घातले. मुलगी पुण्याला जाणार, मग बोलणार कोण? शुक्रवारी फलकावर यादी लागली. ती रडवेली होऊन आली. “सर, माझं काय चुकलं?” तेव्हा उलगडा झाला, की पुण्याला तिचे वडील जाणार होते. सही शुक्रवारीच केली तर चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. आयोजकांनी दोघींना बोलू दिले, म्हणून निभावले.

विद्यार्थी मित्रांनो, त्या मुलीच्या मनात जे उर्दू वाक्य होते, त्यात काही चूक नव्हती. ‘अब्बा ने कहा के मैं सनीचर को पूना जा रहा हूँ.’ उर्दूत ‘के’ नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात. शिवाय ‘जा रहा हूँ’ मधला ‘रहा’ सांगतोच, की जाणारा पुरुष आहे. इंग्रजीतले ‘गोइंग’ मुलगा की मुलगी हे ओळखत नाही. आणि ‘दॅट’ नंतरचा ‘आय’ म्हणजे चिठ्ठी लिहिणारी व्यक्ती, वडील नव्हेत. तिने लिहायला हवे होते : ‘माय फादर सेड दॅट ही वॉज गोइंग टू पुणे.’ मुख्य क्रियापद भूतकाळात गेले, की मागचे क्रियापदही बहुधा भूतकाळात जाते.

मराठीत दोन वाटा आहेत. ‘अब्बा म्हणाले, की मी पुण्याला जाणार आहे’ ही उर्दूसारखी वाट. दुसरी वाट मराठीची खास आहे : ‘आपण पुण्याला जाणार आहोत, असे अब्बा म्हणाले.’ येथे सांगितलेली गोष्ट आधी येते, ‘असे’ तिला बांधते आणि क्रियापद शेवटी येते. वर्तमानपत्रात तर ‘पुण्याला जाणार असल्याचे त्यांनी सांगितले’ असे छापतात. उर्दूतला ‘के’ फार्सीतून आला आणि मराठीतला ‘की’ त्याच फार्सीच्या सहवासात रुळला, असे अनेक अभ्यासक मानतात. इंग्रजीतला ‘दॅट’ मात्र मुळात ‘ते’ या अर्थाचा दर्शक शब्द आहे.

शब्दांचा क्रम पाहिला तर उर्दू आणि इंग्रजी येथे सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. आधी ‘त्याने म्हटले’, मग ‘के’ किंवा ‘दॅट’, मग ती गोष्ट. म्हणून आपल्याला वाटते, की जेथे ‘के’ तेथे ‘दॅट’ लावला की काम झाले. घोटाळा होतो तो येथेच. उर्दूत ‘के’ फारसे कोणाला नाही म्हणत नाही. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ येऊ द्यायचा की नाही, हे प्रत्येक क्रियापद आपल्यापुरते ठरवते.

‘से’, ‘थिंक’, ‘नो’, ‘बिलीव्ह’, ‘होप’, ‘फील’, ‘हिअर’ यांच्यापुढे ‘दॅट’ खुशाल येतो. पण ‘वाँट’ त्याला दारात उभे करत नाही. ‘मैं चाहता हूँ के आप आएँ’ याचे इंग्रजी ‘आय वाँट दॅट यू कम’ असे होत नाही. ‘आय वाँट यू टू कम’ असेच म्हणावे लागते. गंमत अशी, की ‘होप’चे नेमके उलट आहे. ‘आय होप दॅट यू विल कम’ हे बरोबर, आणि ‘आय होप यू टू कम’ हे चूक. इच्छा आणि आशा अर्थाने इतक्या जवळ असून वाक्यात इतक्या दूर का, याचे समाधानकारक उत्तर मला तरी देता आलेले नाही. ‘स्पीक’ आणि ‘टॉक’ हेही ‘दॅट’ घेत नाहीत. आपल्या बोलीत ‘वो बोला के’ रोजचेच असल्यामुळे वह्यांमध्ये ‘ही स्पोक दॅट’ हे वाक्य मला वारंवार भेटते. तेथे ‘सेड’ हवे.

ज्याला सांगितले तो माणूस वाक्यात कोठे बसवायचा, हेही क्रियापदच ठरवते. ‘टेल’ला ऐकणारा लगेच हवा : ‘ही टोल्ड मी दॅट द स्कूल वॉज क्लोज्ड.’ ‘रिमाइंड’ आणि ‘कन्व्हिन्स’ही त्याच पंक्तीतले. ‘से’ आणि ‘एक्सप्लेन’ यांना ऐकणाऱ्याआधी ‘टू’ लागतो : ‘ही एक्सप्लेन्ड टू मी दॅट द स्कूल वॉज क्लोज्ड.’ ‘ही एक्सप्लेन्ड मी’ ही चूक भारतात होते तशीच इतर देशांतही होते. जपानमध्ये अनेक वर्षे इंग्रजी शिकवणारे इंग्रज शिक्षक ए. एस. हॉर्नबी यांना अशा चुका चांगल्या ओळखीच्या होत्या. शब्दाचा अर्थ कळूनही वाक्य चुकते, हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकणाऱ्यांसाठी एक शब्दकोश रचला. तो १९४२ मध्ये टोकिओत निघाला आणि पुढे ऑक्सफर्डने छापला. त्यात क्रियापदाचा अर्थ तर होताच, शिवाय त्याच्यापुढे काय येते याची खूणही होती. १९५४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी इंग्रजी क्रियापदांचे २५ साचे मांडले. ‘दॅट’चा साचा त्यांतलाच.

‘सजेस्ट’, ‘डिमांड’, ‘इन्सिस्ट’ यांच्या बाबतीत आणखी जपावे लागते. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक रेस्ट’ या वाक्यात ‘टेक’ला ‘एस’ नाही. ही छापण्यातली चूक नव्हे. घडलेली गोष्ट नसून घडावी अशी गोष्ट सांगायची असली, की क्रियापद असे साधेच राहते. ब्रिटनमध्ये पुष्कळदा ‘शुड टेक’ म्हणतात. ‘इन्सिस्ट’ तर दोन्हीकडे चालते. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी वॉज ॲट होम’ म्हणजे ती घरीच होती असे तो ठासून सांगत होता. ‘ही इन्सिस्टेड दॅट शी बी ॲट होम’ म्हणजे तिने घरीच राहावे असा त्याचा हट्ट होता. ‘वॉज’च्या जागी ‘बी’ आला, आणि साक्ष देणारा माणूस हुकूम सोडणारा झाला!

‘नो’ आणि ‘थिंक’ यांच्यातला फरक याहूनही मोलाचा आहे. ‘ही न्यू दॅट द ब्रिज वॉज अनसेफ’ असे म्हणताना पूल धोक्याचा होता, हे लिहिणारा स्वतः मान्य करतो. ‘ही डिड नॉट नो’ असे केले तरी पूल धोक्याचाच राहतो. ‘ही थॉट’ म्हटले, की पूल भक्कमही असू शकतो. पॉल किपार्स्की आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ‘फॅक्ट’ या लेखात अशा क्रियापदांचा विचार केला. पूल कोसळल्यावर जबाबदारी कोणाची हे ठरवताना ‘न्यू’ लिहिले की ‘थॉट’, यावर एखाद्याची नोकरी अवलंबून राहू शकते.

हा फरक मराठी एका छोट्या शब्दात दाखवते. ‘पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत होते’, पण ‘पूल धोक्याचा आहे असे त्याला वाटत होते’. खात्रीच्या गोष्टीला ‘हे’, मनातल्या गोष्टीला ‘असे’. उर्दूत दोन्हीकडे ‘के’च असल्यामुळे आपली मुले ‘असे मला माहीत आहे’ लिहून जातात. उर्दूतून मराठीत येताना सर्वांत आधी येथे थांबून पाहावे.

बोलताना इंग्रज लोक पुष्कळदा ‘दॅट’ गाळतात : ‘आय थिंक ही इज इल.’ ‘थिंक’, ‘से’, ‘नो’ अशा रोजच्या क्रियापदांपुढे ते सहज चालते. ‘एक्सप्लेन’ किंवा ‘रिप्लाय’ यांच्यापुढे मात्र तो सहसा गाळत नाहीत. परीक्षेत शंका आली तर ‘दॅट’ घेणाऱ्या क्रियापदापुढे तो लिहूनच टाकावा. त्याने वाक्य थोडे लांबते, चुकत नाही.