चाय-टोस्टवर शाळेत येणाऱ्या मुली

परिपाठाच्या वेळी एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते, यात आमच्या शाळेत आता कुणाला नवीन काही वाटत नाही. दोघी मैत्रिणी तिला धरून वर्गात आणतात, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे करतं आणि मी नेहमीचाच सवाल विचारते, "बेटा, नाश्ता क्या किया?" जवाबही नेहमीचाच असतो. "चाय-टोस्ट, आपा." कधी कधी नुसती चाय.

सुरुवातीला मला वाटायचं, ऊन लागलं असेल. अमरावतीचं ऊन आहेच तसं. पण चक्कर डिसेंबरातही येते. मग इतर गोष्टी दिसायला लागल्या. खालची पापणी जरा ओढून पाहिली तर आतून फिकी, नखं पांढुरकी, एक जिना चढला की धाप, चौथ्या तासाला डोकं बाकावर. अशा मुलीला आपण आळशी म्हणतो, अभ्यासात मन नाही म्हणून रागावतो. मीही रागावले आहे.

हे आपल्या राजापेठेपुरतं नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता, म्हणजे वाढला. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन निदान १२ ग्रॅम असायला हवं. पाळी सुरू झाली की दर महिन्याला रक्त जातं, त्याच वयात उंचीही वाढत असते, आणि जेवण मात्र पूर्वीइतकंच राहतं.

पालक सभेत एक वालिद मला म्हणाले, "मॅडम, आपण तर गोश्त खाणारे लोक. आपल्याकडे रक्त कमी कसं होईल?" प्रश्न बरोबर आहे. गोश्तातलं लोह, खास करून कलेजीतलं, शरीराला डाळ-भाजीतल्या लोहापेक्षा सहज लागतं. इतकंच नाही, त्याच जेवणातल्या डाळीचं लोहही गोश्तामुळे जास्त लागतं. त्या हिशेबाने आपला दालचा किंवा मेथी-खिमा म्हणजे चांगलंच जेवण. पण गोश्त घरात येतं किती वेळा, आणि आलं तर बोट्या कुणाच्या ताटात जातात? दस्तरखानावर आधी मर्द आणि मुलं, मग मुली, शेवटी अम्मी. मुलीच्या वाट्याला बऱ्याच घरांत भात आणि शोरबाच उरतो. शोरब्यात चव उतरते, लोह मात्र बहुतेक बोटीतच राहतं. हे लिहिलेलं काहींना आवडणार नाही, पण माझ्या स्वतःच्या माहेरी असंच होतं.

दुसरी गोष्ट चहाची. चहातलं टॅनिन जेवणातल्या लोहाला, खास करून डाळ-भाजीतल्या लोहाला, पोटातच बांधून ठेवतं, ते रक्तात जातच नाही. जेवणासोबत चहा घेतला तर हे लोह निम्म्याहून कमी लागतं. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. चहा सोडा, असं मी म्हणणार नाही, मलाही तो सुटलेला नाही. फक्त जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. रमजानमध्ये इफ्तारला आपण लिंबू पिळलेले चने खातो, ते उत्तमच, पण त्यावर लगेच चहाचा कप येतो. तो तरावीहनंतर घ्या.

चहा अडवतो, तर आंबट फळ मदत करतं. व्हिटॅमिन सी सोबत असलं की डाळ-भाजीतलं लोह जास्त लागतं. वरुड-मोर्शीची संत्री आपल्या दारात येऊन पडतात, आणि आपण ती पाहुण्यांसाठी ठेवतो! जेवल्यावर एक संत्रं किंवा पेरू, तेही नसलं तर वरणावर लिंबू. सकाळच्या टोस्टऐवजी रात्रीची ज्वारीची भाकर चालेल, भाजलेले फुटाणे आणि गूळ चालेल, तिळाचा लाडू चालेल. लोखंडी तव्यावर, कढईत रांधलं तर तेवढं लोह आणखी उतरतं. पालकाचं मात्र उगाच नाव झालंय, त्यातलं लोह फार कमी लागतं.

आता शाळेतल्या निळ्या गोळीबद्दल. सहावीच्या पुढच्या मुला-मुलींना आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, ही गोळी मिळते. वाटायचं काम आमच्याकडेच असतं. तास संपल्यावर बाकाखाली, खिडकीच्या गजाआड गोळ्या सापडतात. "अम्मीने मना किया," असं मुली सांगतात. पोलिओच्या डोसच्या वेळी ऐकल्या होत्या, तशाच अफवा या गोळीबद्दलही फिरतात, की पुढे औलाद होत नाही वगैरे. या गोळीत दोनच गोष्टी आहेत, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सरकारी दवाखान्यात पेट असलेल्या बायकांना रोज खायला देतात त्या गोळीतही याच दोन गोष्टी असतात, बाळ नीट वाढावं म्हणून. मग ती औलाद कशी थांबवेल? उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवून घ्यावी. शौचाला काळं होतं, त्याने घाबरायचं नाही. वर्षातून दोनदा जंताची गोळीही मिळते, तीही टाळू नका. पोटात जंत असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही.

एक गोष्ट आपल्या विदर्भातल्या लोकांनी जास्त लक्षात ठेवायची. आपल्या भागात सिकलसेलचा आजार आहे. तो आईवडिलांकडून येतो, आणि ज्या घरांत जवळच्या नात्यात निकाह होतात तिथे धोका वाढतो. चांगलं खाऊन, गोळ्या घेऊनही दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन हललं नाही, किंवा मुलीचे हातपाय, सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर लोहाच्या गोळ्या मनानेच वाढवत बसू नका. डॉक्टरांना दाखवा आणि सिकलसेलची तपासणी करून मागा. इर्विन किंवा डफरीनला गेलात तर हिमोग्लोबिनही तिथेच तपासून होतं. सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत घरी याल. त्या दिवशीची सुट्टी शाळेकडे मागितली, तर आम्ही देतो.