साध्या तापासाठी थेट केईएम?

परळच्या केईएम रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर केसपेपरची रांग लागते. त्यात साधा ताप, खाज, बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेलेही असतात, अगदी कर्जत-कसाऱ्याहून लोकल पकडून. घराजवळ दवाखाना असताना माणूस एवढी यातायात का करतो?

कारण सरळ आहे. मोठ्या रुग्णालयात तपासणी, एक्स-रे आणि विशेषज्ञ एकाच आवारात मिळतात. दवाखान्यातून ‘मोठ्या हॉस्पिटलात दाखवा’ असं ऐकलं की रोजंदारीवरच्या माणसाचे दोन खाडे पडतात. मग तो पहिल्याच दिवशी तिकडे जातो. हा अडाणीपणा नव्हे, चोख हिशेब आहे.

वेळेचाही प्रश्न आहेच. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई दुपारी मोकळी होते, तेव्हा दवाखान्याला कुलूप दिसलं तर ती गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडेच जाणार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) देशातली सुमारे निम्मी कुटुंबं सहसा सरकारी आरोग्यसेवेकडे जात नाहीत. निकृष्ट उपचार, लांबलचक प्रतीक्षा आणि जवळ केंद्र नसणं, ही त्यांची प्रमुख कारणं.

मुंबई महापालिकेने नोव्हेंबर 2022 मध्ये ‘आपला दवाखाना’ सुरू केला तो हे ओळखूनच. वस्तीलगत, काही ठिकाणी पोर्टा केबिनमध्ये. संध्याकाळीही उघडा, औषधं आणि 147 तपासण्या मोफत. मधुमेहाच्या रुग्णाला मात्र दर महिन्याला तिथे तोच डॉक्टर आणि त्याच गोळ्या मिळायला हव्यात. औषध संपलं म्हणून तो एकदा रिकाम्या हाती परतला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा परळचीच लोकल धरतो.