चंद्रभूमीची प्रतिकृति आणि लोणारचें विवर

चंद्रभूमीची प्रतिकृति कशी करावी हें सांगण्यापूर्वीं एक कबुली देणें अवश्य आहे. शाळेंत शिकवीत असतां मीं अशी एक प्रतिकृति मुलांकडून करविली होती. तींतील विवरें रांजणासारखीं खोल आणि पर्वत सुळक्यांसारखे टोंकदार होते. पाहणारांनीं वाहवा केली. पुढें मुलांना घेऊन आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या कांठावर उभा राहिलों, तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, हें तर परातीसारखें पसरट आहे, मग आपलें विवर रांजणासारखें कां?" मजजवळ उत्तर नव्हतें.

लोणारचें विवर उल्केच्या आघातानें झालें, आणि तेंहि काळ्या कातळांत. चंद्रावरील काळे डाग याच बेसाल्ट जातीच्या दगडाचे आहेत. आघातानें उत्पन्न होणारी मॅस्केलिनाइट नांवाची कांच लोणारच्या दगडांत सांपडल्याचें १९७३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि ज्वालामुखीचा पक्ष मागें पडला. लवणासुराची कथा मात्र गांवांत अजून सांगतात, आणि सांगावीहि.

आतां मापें पाहूं. लोणारचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आणि खोली सुमारें १५० मीटर. चंद्रावरील लिने नांवाच्या विवराचा व्यास २.२ किलोमीटर, पण खोली ५०० मीटरांच्या वर. लोणारच्या पोटांत हजारों वर्षांच्या पावसानें गाळ भरला. चंद्रावर पाऊस नाहीं. एका किलोमीटरास २० सेंटिमीटर धरले, तर लोणार ३६ सेंटिमीटर रुंद व अवघें ३ सेंटिमीटर खोल होतें. लिने ४४ रुंद व १० खोल. दोन्ही एकाच फळीवर शेजारीं करावीं. रुंदीला एक माप आणि खोलीला दुसरें, हीच माझी चूक होती. मोठीं विवरें तर याहून उथळ: टायको ८५ किलोमीटर रुंद, पण ५ किलोमीटरहि खोल नाहीं, मात्र त्याच्या मध्यभागीं डोंगर आहे.

१८७४ सालीं नॅस्मिथ आणि कार्पेंटर यांनीं आपल्या चंद्रविषयक ग्रंथांत प्लास्टरच्या प्रतिकृतींचीं छायाचित्रें छापलीं. तीं सुंदर आहेत, पण पर्वत फारच टोंकदार. सूर्य क्षितिजालगत असतां साध्या उंचवट्याचीहि सावली लांब व अणकुचीदार पडते, आणि पाहणारा फसतो. १९६९ नंतर चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांना दिसले ते गोलाकार, मऊ उताराचे डोंगर. माझी चूक थोरामोठ्यांचीहि होती, एवढेंच समाधान.

विवरासाठीं कागदाचा लगदा व शाडू यांचा थर द्यावा. पुठ्ठ्यावर विवराचा अर्धा छेद मापानें कापून तो मध्यें ठोकलेल्या खिळ्याभोंवतीं फिरवावा. उतार सर्व बाजूंनीं सारखा येतो. सभोंवतींच्या जमिनीवर कोरडें सिमेंट फडक्यांतून चाळावें (नाकतोंड बांधून) आणि त्यावर खडे सोडावेत. कांठ आपोआप उचलला जातो. खडे सरळ खालीं सोडावेत. तिरपे मारल्यास खड्डा लांबट होतो. चंद्रावर मात्र तिरपा आघातहि बहुधा वाटोळेंच विवर करतो, कारण तो एक स्फोटच असतो. थोडे मोठे खडे आधीं, पुष्कळसे बारीक नंतर. मग पाण्याचा अगदीं बारीक फवारा मारावा. थेंब पडले तर चंद्रावर पावसाचे डाग उठतात! लोणारच्या उतारावरील ओघळी आणि झाडीहि वगळावी.

रंग चंदेरी नको. चंद्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा शेंकडा बारा इतकाच भाग परत पाठवितो. जुन्या डांबरी रस्त्याइतकाच तो काळसर आहे. चंद्रयान-२ च्या चाचण्यांसाठीं तामिळनाडूंतील सीतमपूंडीचा दगड दळून चंद्रावरील मातीसारखी माती करण्यांत आली होती. आपल्याला खडी फोडतात तेथली काळ्या दगडाची भुकटी आणि थोडी राख पुरते.

शेवटीं खोली अंधारी करून एकच दिवा फळीच्या पातळीच्या किंचित् वर, बाजूस ठेवावा. तीन सेंटिमीटरांचें लोणारहि तेव्हां अथांग वाटतें. दिवा हळूंहळूं उचलून डोक्यावर नेला, कीं सावल्या आटतात आणि विवरें जणूं पुसलीं जातात. पौर्णिमेच्या चंद्रावर दुर्बिणींतूनहि विवरें नीट कां दिसत नाहींत, हें मुलें तेथेंच ओळखतात.