रेडिओ दीर्घिका वाढतात किती?

रात्री लाखनीच्या हायवेवर दूरून येणाऱ्या ट्रकचे दोन दिवे आधी एकच ठिपका वाटतात, जवळ आल्यावर वेगळे होतात. रेडिओ दीर्घिकांचंही तसंच. मधल्या कृष्णविवराजवळून विरुद्ध दिशांना दोन फवारे सुटतात आणि दोन्ही टोकांना रेडिओ लहरी देणारे ढग फुगतात. टोकाटोकांतलं अंतर लाखो प्रकाशवर्षे असू शकतं.

मग हे मोजायचं कसं? 1970 मध्ये गोविंद स्वरूप आणि सहकाऱ्यांनी उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण उभारली आणि मदतीला घेतला चंद्र! तो ताऱ्यांपुढून सेकंदाला साधारण अर्धा आर्कसेकंद सरकतो. एखादा स्रोत पूर्ण झाकायला 20 सेकंद लागले, तर त्या दिशेने त्याचा आकार 10 आर्कसेकंद.

1975 मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवलं की मंद, म्हणजे सरासरीने दूरचे स्रोत, अंतराच्या हिशेबापेक्षाही लहान आहेत. दूरचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं. थोडक्यात, पूर्वी ते खरोखरच लहान होते. विश्व कायम सारखंच असतं, हे मत फ्रेड हॉईल आणि आपले कोल्हापूरचे जयंत नारळीकर मांडत होते. हा निष्कर्ष त्याच्या विरोधात गेला.

पण लहान का? इथे मॉडेल लागतं. फवाऱ्याचा रेटा आणि समोरच्या वायूचा अडथळा यांचा समतोल मांडला, की वायूची घनता चौपट झाल्यास पुढे सरकण्याचा वेग निम्मा होतो. चिखलाच्या बांधीत सायकल रेटून पाहा, कळेल! विश्वातली अंतरं आजच्या निम्मी होती तेव्हा सरासरी घनता आठपट होती. शिवाय विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींची ऊर्जा-घनता सोळापट होती. त्यांच्याशी टक्कर होऊन इलेक्ट्रॉन लवकर थकतात आणि जुने ढग विझतात.

जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात, म्हणून म्हातारे ढग कमी वारंवारतेलाच दिसतात. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना हेच काम करतात.

2024 मध्ये ‘पोर्फिरिऑन’ची माहिती प्रसिद्ध झाली. त्याची लांबी सुमारे 2 कोटी 30 लाख प्रकाशवर्षे! युरोपातल्या लोफार दुर्बिणीने तो टिपला आणि त्याची मूळ दीर्घिका शोधायला जीएमआरटीची मदत झाली. विश्व आजच्या निम्म्याहून कमी वयाचं होतं, तेव्हाचा हा फवारा. दाट वायूत तो इतका सरळ, इतका लांब गेलाच कसा? मॉडेल करणाऱ्यांना अजून बराच गृहपाठ आहे.