गादीखालची ओल नेमकी येते कुठून?

फील्डवर्कसाठी मुळशीत पावसाळाभर खोली घेऊन राहणाऱ्यांना जुलैच्या मध्यावर एक गोष्ट हमखास दिसते. चादर बदलायला गादी उचलावी, तर खाली काळपट-हिरवे ठिपके आणि कुबट वास. मग सल्ले सुरू होतात. खाली प्लास्टिक अंथर, डांबरगोळ्या टाक, पंखा लाव. यातला प्लास्टिकचा सल्ला एका खोलीत बरोबर ठरतो आणि शेजारच्याच खोलीत गादी आणखी सडवतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी इथे जरा थांबायला हवं, कारण उपायाआधी कारणं वेगळी करण्याचा इतका स्वस्त सराव दुसरीकडे मिळत नाही.

पाणी तीन वाटांनी येऊ शकतं. फरशीतून वर चढणारी ओल, खोलीच्या हवेतली वाफ आणि झोपणारा माणूस. तिसरी वाट आपल्या डोक्यात येतच नाही. घाम सोडून द्या. त्वचेतून नकळत उडून जाणारं पाणीच दिवसाला साधारण ३०० ते ४०० मिली असतं. म्हणजे आठ तासांच्या झोपेत १०० मिलीच्या पुढे, अर्धा कप. गादीची वरची बाजू अंगाच्या उबेने गरम आणि खालची फरशीमुळे थंड. त्यामुळे या वाफेचा काही भाग खाली सरकतो आणि थंड बाजूला अडकतो. होडीत झोपणाऱ्यांच्या गादीखाली हेच होतं, फक्त तिथे फरशीऐवजी पाण्याला टेकलेला तळ असतो.

आता हवेचं गणित. २५ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दव पडायला पृष्ठभाग १४ अंशांपर्यंत थंड लागतो. तेवढी थंड फरशी आपल्याकडे पावसाळ्यात नसतेच. पण आर्द्रता ९० टक्के झाली की दवबिंदू २३ अंशांवर येतो. फरशी हवेपेक्षा फक्त दोन अंश थंड असली तरी पुरे. शिवाय बुरशीला पाण्याचे थेंब लागतच नाहीत. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर काही दिवस टिकली की तिचं काम भागतं, काही जातींचं तर त्याहूनही कमी आर्द्रतेत.

मग कारण ओळखायचं कसं? मोकळ्या फरशीवर हात-दीड हात लांबीरुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ठेवा, चारही कडा टेपने घट्ट चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. थेंब प्लास्टिकच्या खाली असतील तर पाणी फरशीतून येतंय. वर असतील तर हवेतून. भिंतीच्या पायथ्याशी पांढरा थर दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून पाणी झिरपतंय. बुरशी विरघळत नाही. डागांचा आकारही बोलतो: माणूस जिथे झोपतो तेवढ्याच भागात डाग असतील तर संशय झोपणाऱ्यावर, भिंतीकडच्या कडेला असतील तर भिंतीवर. गणपतीला रूममेट गावी गेला की त्याची गादी म्हणजे आयता कंट्रोल! तीच खोली, तीच फरशी, फक्त माणूस नाही.

मोजायचं असेल तर स्वस्त आर्द्रतामापक चालतो, पण आधी तो तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखलासारखं ओलं करा, मापकासोबत हवाबंद डब्यात ठेवा. काही तासांनी आकडा ७५ च्या आसपास स्थिरावला पाहिजे. ८२ दाखवला तर मापक सात जास्त दाखवतोय, तेवढे पुढे वजा करायचे. आणि मापक टेबलावर नको, गादीखाली ठेवा. प्रश्न तिथला आहे.

पाणी फरशीतून येत असेल तर प्लास्टिक योग्यच. अंगातून येत असेल तर तेच प्लास्टिक वाफेची बाहेर पडायची वाट बंद करतं. तिथे खालून हवा खेळायला हवी. बाज किंवा पट्ट्यांची कॉट चालेल. खालून बंद असलेला प्लायवूडचा दिवाण सगळ्यांत वाईट. डांबरगोळ्यांचा आर्द्रतेशी काहीच संबंध नाही. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश पाणी धरतं, म्हणजे रोज रात्रीच्या १०० मिलीसाठी ३०० ग्रॅम. करा हिशोब.

पण मुळशीची खरी अडचण अशी की आठवडेच्या आठवडे खोलीचीच हवा ८० टक्क्यांच्या वर असते. पंखा ती हवा फक्त फिरवतो, कोरडी करत नाही. कोरडी करायचा साधा मार्ग म्हणजे ऊब. २५ अंशांवरची ९० टक्क्यांची हवा ३० अंशांपर्यंत तापवली की, पाणी तेवढंच असूनही, आर्द्रता ६७ टक्क्यांवर येते. जुन्या घरांत चुलीच्या वर दांडीवर गोधड्या टाकायचे, त्यामागे हेच गणित. गोधडी पातळ, रोज उचलली जाणारी आणि उबेवर वाळणारी. दहा किलोची कापसाची गादी तशी वाळत नाही. बंद खोलीतला गॅस मात्र चुलीची जागा घेत नाही: एक किलो गॅस जळला की दीड किलोच्या आसपास पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. दिवाणात बल्ब लावून ठेवणं तर आगीला आमंत्रण. गादी रोज सकाळी भिंतीपासून दूर उभी करणं आणि कोरडा दिवस मिळाला की खिडक्या उघडणं, एवढंच भाड्याच्या खोलीत जमतं. मी तर पावसाळ्यापुरती गादी बांधून ठेवून दोन गोधड्यांवर झोपतो.

खोलीत कुणाला दमा असेल तर ‘कोणती बुरशी आहे ते आधी ओळखू’ यात वेळ घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत ओल आणि श्वसनाच्या तक्रारींचा संबंध मान्य केलाय, पण ‘इतकी बुरशी सुरक्षित’ असा आकडा दिलेला नाही. मेलेली बुरशीही ॲलर्जी करते, त्यामुळे वरून फिनेल मारून भागत नाही. आत डाग गेलेली गादी पिंजाऱ्याकडे नेऊन कापूस पिंजून घेणं तर नकोच: त्या धुळीतले बीजाणू त्याच्या छातीत जातील. अशी गादी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, तोंडाला मास्क लावा आणि ती रूममेट बाहेर असताना खोलीतून हलवा.