किंमत, कान आणि प्रचिती : महागड्या ध्वनिविवर्धकांविषयी श्रोत्यांच्या प्रतिक्रियांचे स्वरूप

प्रस्तावना

घरी संगीत ऐकण्याच्या साधनांमध्ये विवर्धक, म्हणजेच अॅम्प्लिफायर, हे उपकरण सर्वांत मूक म्हणावे लागेल. ध्वनिमुद्रिका हातात घेता येते, स्पीकरमधून येणारा आवाज जाणवतो. विवर्धक मात्र या दोहोंच्या मध्ये राहून आपले काम करीत असतो. असे असूनही ध्वनिरसिकांच्या जगात सर्वाधिक वाद याच उपकरणावरून झाले आहेत. डॅन डी'अॅगोस्टिनो या अमेरिकन अभिकल्पकाचा ‘रिलेन्टलेस’ हा विवर्धक २०१० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आला, तेव्हा त्याच्या जोडीची किंमत अडीच लाख डॉलर होती. असे एखादे नवे उपकरण आले की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया हमखास उमटतात. ‘संगीतावरचा पडदा दूर झाला’ असे एक गट म्हणतो. ‘ही निव्वळ फसवणूक आहे’ असे दुसरा गट म्हणतो. दोन्ही गटांतील माणसे बहुधा प्रामाणिक असतात. मग हा मतभेद कशामुळे होतो आणि त्याचा निर्णय कसा करावा, या प्रश्नाचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रश्न ध्वनिशास्त्रापुरता मर्यादित नाही. अनुभव हा पुरावा म्हणून केव्हा ग्राह्य मानावा, हा सर्वच विद्याशाखांचा प्रश्न त्यात दडलेला आहे.

विवर्धकाचे कार्य

विवर्धकाचे कार्य तत्त्वतः सोपे आहे. त्याला मिळणाऱ्या क्षीण विद्युत् संदेशाचा आकार कायम ठेवून तो स्पीकर हलविण्याइतका बलवान करावयाचा असतो. आत आला त्यात भर नाही आणि घटही नाही, हा त्याचा आदर्श होय. या आदर्शापासून जितके ढळणे होते त्याला विरूपण म्हणतात.

हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली ऋण पुनःप्रदायाची, म्हणजेच ‘निगेटिव्ह फीडबॅक’ची कल्पना सुचली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग उलट करून आत आणला असता विरूपण आपोआप घटते, हे तिचे मर्म होय. या तत्त्वाच्या आधारे डी. टी. एन. विल्यमसन यांनी १९४७ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश नियतकालिकात एका विवर्धकाची रचना प्रसिद्ध केली. १५ वॉट शक्ती देताना त्याचे विरूपण सुमारे ०.१ टक्का होते. म्हणजे निर्वात नळ्यांच्या काळातच हे उपकरण आदर्शाच्या बरेच जवळ पोहोचले होते. पुढे ट्रान्झिस्टरमुळे असे कार्यमान सर्वसामान्य किमतीत मिळू लागले. महागड्या विवर्धकात अधिक शक्ती, भक्कम वीजपुरवठा, उत्तम बांधणी आणि देखणे रूप निश्चितपणे मिळते. प्रश्न उरतो तो ध्वनीचा.

प्रतिक्रियांची भाषा

जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ साली ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक सुरू केले आणि हॅरी पिअरसन यांनी १९७३ साली ‘द अॅब्सोल्यूट साउंड’. केवळ मोजमापांचे तक्ते छापण्यापेक्षा उपकरण प्रत्यक्ष ऐकून त्याचे वर्णन करावे, ही या नियतकालिकांची भूमिका होती. त्यातून परीक्षणाची एक स्वतंत्र भाषा घडत गेली. ध्वनी ‘उबदार’, ‘कोरडा’, ‘पारदर्शक’ ठरू लागला. वादकांच्या मागच्या ‘अवकाशा’ची चर्चा होऊ लागली. ही भाषा सर्वथा त्याज्य मानता येणार नाही. संगीतसमीक्षेतही आपण स्वराला ‘गोल’ किंवा ‘टोकदार’ म्हणतोच. तथापि रूपकाने अनुभव सांगता येतो, अनुभवाचे कारण मात्र रूपकाने सिद्ध होत नाही. ‘मला आवाज उबदार वाटला’ हे विधान वक्त्यापुरते खरे असते. ‘तो या विवर्धकामुळे उबदार झाला’ हे विधान वेगळे असून त्याला वेगळा पुरावा लागतो.

अंध चाचणीची पद्धती

हा पुरावा मिळविण्यासाठी दुहेरी अंध चाचणीचा अवलंब केला जातो. अमेरिकेतील डेव्हिड क्लार्क यांनी १९८२ साली अशा चाचणीसाठीच्या उपकरणाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. या पद्धतीत श्रोत्याला ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन विवर्धक हवे तितके वेळा ऐकता येतात. त्यानंतर ‘क्ष’ ऐकविला जातो. तो ‘अ’ आहे की ‘ब’ हे श्रोत्याला आणि चाचणी घेणाऱ्यालाही ठाऊक नसते. श्रोत्याने तो ओळखावयाचा. सोळा फेऱ्यांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. म्हणून तेवढे यश मिळाल्यास भेद खरोखर ऐकू आला असे मानण्यास आधार मिळतो.

या चाचणीत एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. दोन्ही विवर्धकांची ध्वनिपातळी काटेकोर समान ठेवावी लागते. अर्धा डेसिबल फरक म्हणजे शक्तीत सुमारे १२ टक्के फरक. एवढ्या फरकाने आवाज ‘मोठा’ वाटत नाही. तो ‘अधिक जिवंत’, ‘अधिक स्पष्ट’ वाटतो. दुकानात किंवा मित्राच्या घरी झालेल्या कित्येक तुलनांचा निकाल या एकाच कारणाने लागलेला असण्याचा संभव आहे.

‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या अमेरिकन नियतकालिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात अशा एका चाचणीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात सुमारे २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून सुमारे १२,००० डॉलरच्या फटरमन पद्धतीच्या नळीविवर्धकांच्या जोडीपर्यंत सहा उपकरणे होती. श्रोत्यांमध्ये भेद ऐकू येतो असे मानणारे होते, तसेच न मानणारेही होते. एकंदर उत्तरांचे प्रमाण नाणेफेकीच्या प्रमाणाहून फारसे निराळे आले नाही, आणि श्रद्धावान श्रोत्यांना संशयवाद्यांपेक्षा अधिक यश मिळाले नाही.

भेद असतो तेव्हा

यावरून सर्व विवर्धक एकसारखेच असतात असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. काही परिस्थितींत भेद खरोखर असतो आणि त्याचे कारणही सांगता येते. स्पीकरचा संरोध, म्हणजे विद्युत् प्रवाहाला होणारा त्याचा एकूण विरोध, स्वराच्या उंचीनुसार बदलतो. एकाच स्पीकरमध्ये तो चार ओहमपासून तीस ओहमपर्यंत जाऊ शकतो. एखाद्या नळीविवर्धकाचा स्वतःचा अंतर्गत संरोध दीड ओहम असेल, तर अशा स्पीकरवर काही स्वर इतरांपेक्षा दोन डेसिबलहून अधिक उचलले जातात. हा फरक कानाला सहज कळतो. कमी शक्तीचा विवर्धक मर्यादेबाहेर चालविला असता होणारे विरूपणही असेच श्राव्य असते.

या दृष्टीने १९८५ सालचा एक प्रसंग उद्बोधक आहे. विवर्धकांचे अभिकल्पक बॉब कार्व्हर यांनी ‘स्टिरिओफाइल’च्या परीक्षकांसमोर असा दावा केला की, त्यांनी निवडलेल्या कोणत्याही महागड्या विवर्धकाचा ध्वनी आपण आपल्या स्वस्त विवर्धकातून निर्माण करून दाखवू. दोन्ही उपकरणांना एकच संदेश देऊन त्यांच्या बाहेर पडणाऱ्या संदेशांची वजाबाकी करावयाची आणि बाकी शून्याजवळ येईपर्यंत आपल्या उपकरणात बदल करीत जावयाचे, ही त्यांची रीत होती. काही दिवसांच्या खटपटीनंतर होल्ट आणि त्यांचे सहकारी लॅरी आर्चिबाल्ड यांना दोहोंत भेद करता आला नाही. पुढे कारखान्यातून बाहेर पडलेल्या नगांत ही जुळणी तितकी तंतोतंत राहिली नसल्याचे त्याच नियतकालिकाने नोंदविले, हेही सांगितले पाहिजे. तरी या प्रसंगाचा बोध स्पष्ट आहे. ऐकू आलेला भेद वास्तव होता. पण तो मोजता येणारा होता आणि किमतीशी त्याचे अतूट नाते नव्हते.

किमतीचा अनुभवावरील परिणाम

मग अंध चाचणीत न सापडणारा भेद उघड्या डोळ्यांनी ऐकताना इतका ठळक का वाटतो? फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली स्पीकरविषयी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस श्रोत्यांनी तेच स्पीकर पाहून व न पाहता ऐकले. स्पीकर दिसत असताना श्रोत्यांच्या गुणांकनावर ध्वनीपेक्षा रूप, आकार आणि नाव यांचा प्रभाव पडत असल्याचे दिसून आले. हिल्के प्लासमन व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एकच वाइन दहा डॉलरची आणि नव्वद डॉलरची म्हणून चाखावयास दिली. महाग म्हणून सांगितलेली वाइन लोकांना अधिक आवडली. इतकेच नव्हे, तर सुखद अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील क्रियाही वाढलेली आढळली.

या शेवटच्या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. महाग उपकरण ऐकून आनंदित झालेला रसिक खोटे बोलत नसतो. त्याचा आनंद खरा असतो. त्या आनंदाचे श्रेय कोणाला द्यावे, एवढ्याबाबतच त्याची गफलत होते. जे नुसते ‘फसवणूक’ म्हणून मोकळे होतात, त्यांच्या टीकेत हा विवेक राहत नाही.

आक्षेपांचा विचार

अंध चाचणीविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. परीक्षेच्या ताणामुळे कान बोथट होतो, आणि सूक्ष्म भेद कळावयास दीर्घ सहवास लागतो, असे म्हटले जाते. हे आक्षेप विचारार्ह आहेत. परंतु महिनाभर घरी ठेवूनही चाचणी अंध राखता येते. दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. भेद न आढळणे म्हणजे भेद नसल्याची सिद्धता नव्हे. हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, ‘एका क्षणात जाणवणारा जमीन-अस्मानाचा फरक’ असा ज्याचा दावा आहे, त्याचा भेद उपकरणावर पडदा टाकताच नाहीसा होत असेल, तर सिद्धतेची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच येते.

समारोप

ऐकून परीक्षण करण्याची परंपरा ज्यांनी सुरू केली, त्या होल्ट यांनीच २००७ साली एका मुलाखतीत या व्यवसायावर कठोर टीका केली. दुहेरी अंध चाचणीसारखी प्रामाणिकपणाची किमान कसोटी नाकारल्यामुळे या क्षेत्राने आपली विश्वासार्हता गमावली, असे त्यांचे मत होते. २००९ साली त्यांचे निधन झाले. कानावर आयुष्यभर विश्वास ठेवलेल्या माणसाने दिलेली ही साक्ष म्हणून तिचे मोल अधिक आहे.

उत्तरपत्रिका तपासताना विद्यार्थ्याचे नाव झाकले जाते, ते परीक्षक अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. प्रामाणिक माणसाच्याही निर्णयात नावाचे वजन नकळत मिसळते, हे आपण जाणतो म्हणून. कानाच्या बाबतीत हेच पथ्य पाळण्यात कानाचा अपमान नाही. ज्याला महागडे उपकरण घ्यावयाचे असेल त्याने त्याच्या बांधणीसाठी, शक्तीसाठी किंवा निखळ हौसेसाठी ते अवश्य घ्यावे. मात्र त्याचा ध्वनी श्रेष्ठ आहे असे इतरांना सांगण्यापूर्वी एकदा तरी डोळे मिटून, पातळी समान राखून ते ऐकावे, एवढीच अपेक्षा आहे.